एकवीस घरांची रांगोळी

माझं आष्टीत कटलरीचं दुकान आहे. कटलरी म्हणजे आमच्याकडे सुऱ्या-काटे नव्हेत. बांगड्या, टिकल्या, पावडर, केसांचे चाप, मेंदीचे कोन आणि रांगोळी. रांगोळीबरोबर रांगोळीचे छापेही विकते. छापा म्हणजे भोकं पाडलेली प्लास्टिकची चाळणी. जमिनीवर ठेवायची, वरून मूठभर रांगोळी पसरायची, उचलली की खाली मोर तयार. हे छापे मला डोळ्यासमोर नको असतात, पण गिऱ्हाईक मागतं म्हणून ठेवावे लागतात. आणि सगळ्यात जास्त छापे नेणारं गिऱ्हाईक माझ्याच घरातलं आहे. माझी मोठी जाऊ.

आमची दोन घरं एकाच अंगणात. तिच्या दारापुढे छाप्याचे मोर, माझ्या दारापुढे ठिपक्यांची रांगोळी. मी रोज सकाळी कंबर मोडून पंधरा ओळींत पंधरा-पंधरा ठिपके घालणार, मग एकेक जोडत बसणार. तोवर ती दोन मिनिटांत दोन मोर आणि एक कमळ उमटवून, हात झटकून माझ्या डोक्यावर येऊन उभी. आणि मग तिचं ठरलेलं वाक्य, "इथं जराक वाकडं झालं वं." रोज. एकतीस वर्षं. एकदा मी तापानं फणफणले होते, रांगोळी घातलीच नव्हती, तर रिकाम्या जागेकडे बघून म्हणाली, "कालची वाकडी झालती."

आता खरं काय ते सांगून टाकते. मला तिच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, "चांगली झाली" ऐकायचं होतं. ते मिळत नव्हतं, म्हणून माझं डोकं फिरलेलं असायचं. तोंडावर बोलायची हिंमत नव्हती. मोठी जाऊ म्हणजे सासूच्या खालोखाल, आणि सासू गेल्यावर तर वरच्याच जागी.

हे एवढं बाजूला ठेवा, आता काळ्या रेघांकडे येते.

रेघांशी माझी ओळख दुकानातच झाली. पावडरीच्या डब्यांवर, टिकल्यांच्या पाकिटांवर मागच्या बाजूला काळ्या उभ्या रेघा छापून यायला लागल्या. गिऱ्हाइकं विचारायची, "ह्या रेघा काऊन आहेत वो बाई?" मला 'माहीत नाही' म्हणायची सवय नाही, दुकानदाराला ती नसावीच. मी सांगितलं, "असली मालाची खूण आहे. रेघ जितकी जाड तितका माल असली." झालं. पुढची काही वर्षं आमच्या भागातल्या बाया पावडरीचा वास न घेता डबा उलटा करून रेघा बघायच्या. एकीनं तर टिकल्यांचं पाकीट परत आणलं, रेघा फार बारीक आहेत म्हणून. मी ते बदलून दिलं. आणि सांगायला लाज वाटते, पण सांगून सांगून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. घरासाठी साबण घेताना मी जाड रेघांचाच घ्यायची.

मग मुलगी शिकली आणि सावंगीला लागली. तिथल्या मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत ती रक्त तपासायचं काम करते, शनिवारी घरी येते. एकदा जेवताना मी तिला माझी जाड रेघांची विद्या ऐकवली तर तिला असा ठसका लागला की पाठ थोपटावी लागली.

"आई, तू लोकाईले हे सांगून राह्यली?"

"मंग काय सांगू?"

मग तिनं मला शिकवलं. त्यांच्याकडे रक्ताच्या प्रत्येक नळीवर तसाच रेघांचा कागद चिकटवलेला असतो. मशीन तो बघतं आणि रक्त कुणाचं ते त्याला समजतं. रेघांमध्ये जादू काही नसते, नुसता एक नंबर असतो. जाड रेघ, बारीक रेघ आणि मधली मोकळी जागा, यांवरून मशीन आकडे ओळखतं. रेघेची उंची उगाच असते, खालून अर्धा कागद फाटला तरी चालतं. पुढे लोकांना नुसता नंबर पुरेना. नाव ठेवायचं, पत्ता ठेवायचा, अख्खी वाक्यं ठेवायची. रेघा किती लांबवणार, डबा संपतो. म्हणून मग कुणीतरी डोकं लढवलं की आडवं आणि उभं दोन्हीकडून भरू, आणि रेघांच्या जागी काळे-पांढरे चौकोन आले. ते चौकोन आता कुठे नाहीत? लग्नपत्रिकेवर, पोरांच्या पुस्तकात, औषधाच्या खोक्यावर, बियाण्याच्या पिशवीवर. गिरडला टेकडीवर दर्ग्याला गेलो होतो तर खाली रेवड्यांच्या दुकानातसुद्धा टांगलेला.

ती सांगत होती आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. जाऊबाईंकडे एक प्लास्टिकची फणी आहे, ओढली की एकदम पाच रेघा उमटतात. म्हणजे जुनी पद्धत ती जाऊबाईंची. आणि आडव्या-उभ्या घरांतून भरत जायचं, एकेक ठिपका विचार करून ठेवायचा, ही नवी पद्धत ती माझी. जग माझ्या बाजूनं पुढे गेलं होतं. त्या दिवशी मी एक पोळी जास्त खाल्ली.

संक्रांतीला आमच्या गल्लीतल्या बाया शाळेच्या पटांगणात रांगोळी स्पर्धा ठेवतात. मागच्या वर्षी जाऊबाईंच्या छाप्याच्या मोरांना पहिला नंबर मिळाला आणि माझ्या एकवीस ठिपक्यांच्या कमळाला दुसरा. बक्षीस घेताना माइकवर काय म्हणाली ठाऊक आहे? "आमच्या लहानीचंही बरं असते, पण तिले घाई फार." घाई. मला. पाच तास वाकून बसलेल्या बाईला. मी वर्षभर ते वाक्य उशाशी घेऊन झोपले.

या वर्षी विषय दिला 'आजचं युग'. मी त्याच क्षणी ठरवलं, चौकोनाची रांगोळी घालायची. मोबाईल वर धरला की वाचता येईल अशी. मुलीला सांगितलं तर ती आनंदानं उडालीच.

"त्याच्यात लिहायचं काय?" तिनं विचारलं.

"तिळगूळ घ्या, गोड बोला."

"इंग्रजी अक्षरात लिहू. मराठी अक्षराले जागा लय लागते. अन् शब्द कमी ठेव आई, शब्द वाढले की घरं वाढतात."

तिनं इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहिलं, मोकळ्या जागा धरून बरोबर वीस अक्षरं भरली, आणि मोबाईलमध्ये चौकोन तयार झाला. एकवीस आडवी घरं, एकवीस उभी. मला फार बरं वाटलं, गणपतीच्या दूर्वाही एकवीसच असतात. मग तिनं नियम सांगितले. तीन कोपऱ्यांत तीन मोठ्या चौकटी असतात, मोबाईल आधी त्या शोधतो. चौथ्या कोपऱ्यात चौकट नसते, त्यावरूनच त्याला खालवर समजतं. भोवती पांढरी जागा सोडायची, वेलबुट्टी काढायची नाही. हळदीकुंकवाची बोटंसुद्धा लावायची नाहीत. आणि एखाद-दोन घरं चुकली किंवा पुसली तरी घाबरायचं नाही, बाकीच्या घरांवरून मोबाईल पुसलेलं ओळखून घेतो.

मी घराच्या स्लॅबवर सराव केला, म्हणजे अंगणातून जाऊबाईंना दिसायला नको. सुतळी चुन्यात बुडवून, ताणून, फटकन सोडून रेघा मारल्या, गवंडी मारतो तशा. मग पांढरी रांगोळी चाळून पसरली आणि काळी घरं चिमटीनं भरली. तीन तास लागले. मुलीनं मोबाईल वर धरला, आणि त्यात अक्षरं उमटली: तिळगूळ घ्या गोड बोला. माझ्या चिमटीतून पडलेली भुकटी, आणि मोबाईलनं ती वाचली. मला सांगता येत नाही मला काय झालं. मी स्लॅबवरच बसून रडले आणि मुलगी म्हणाली, "आई, नाक पूस, घरावर पडून राह्यलं."

इथपर्यंत सगळं गोडच होतं. बिघडवलं मी.

मुलगी सावंगीला परत गेली. चौकोन बनवायची सोय तिनं माझ्या मोबाईलमध्ये टाकून दिली होती. दुपारी दुकानात कुणी नव्हतं. जाऊबाई आली, मोराचा नवा छापा घेतला, आणि जाता जाता माझ्या गल्ल्यापुढच्या पाटावरची छोटी रांगोळी बघून म्हणाली, "इथं जराक वाकडं झालं वं." ती गेली आणि मी मोबाईल हातात घेतला. एका दमात लिहिलं: मोठी जाऊ छापेवाली. इंग्रजी मोठ्या अक्षरांत. मोजलं तर मोकळ्या जागा धरून बरोबर वीस. एक कमी नाही, एक जास्त नाही. मला वाटलं ही देवाचीच संमती आहे.

माझा बेत असा होता. परीक्षक मोबाईल धरतील, माइकवर मोठ्यानं वाचतील, "मोठी जाऊ छापेवाली." सगळी गल्ली ऐकेल. आणि मी तोंडावर हात ठेवून म्हणेन, अगंबाई, हे असं कसं आलं, मशीनची काहीतरी चूक झाली. बेत बालिश होता हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्या बाईला एकदा सगळ्यांसमोर टोचायचंच, एवढंच माझ्या मनात होतं. झेरॉक्सवाल्याकडे जाऊन तो चौकोन कागदावर काढून घेतला. त्यानं विचारलं, "काय आहे काकू?" मी म्हटलं, "तिळगूळ."

स्पर्धेच्या दिवशी थंडी होती. सकाळी सहाला पटांगणात पोचलो. जागा चिठ्ठ्या टाकून देतात, आणि माझ्या नशिबानं जाऊबाई माझ्या शेजारच्या चौकोनात. तिनं छापे मांडले, चाळलं, उचलले, अर्ध्या तासात आठ मोर आणि मध्ये मोबाईल धरलेली बाई तयार. तो बाईचा छापाही माझ्याच दुकानातला. मग ती खुर्ची उन्हात ओढून संत्री सोलत बसली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"काय करून राह्यली वं तू? कपाशीच्या बियाण्याच्या पिशवीवर असते तसं दिसून राह्यलं."

"तेच आहे, बाई."

"रंग नाई टाकत?"

"नाई."

"कमाल आहे. संत्रं खातं?"

मी घेतलं नाही. मान खाली घालून कागदावरची घरं मोजत होते. छापेवालीच्या हातचं संत्रं खाऊन छापेवाली लिहिणं माझ्याच्यानं झालं नसतं.

नऊ वाजता माझं संपलं. कागद घडी करून पोलक्यात खोचला आणि घरी गेले, अंघोळ करून संक्रांतीची काळी साडी नेसायला. परत आले तेव्हा परीक्षक येऊन रांगोळ्या बघत फिरत होत्या. सावंगीहून आलेल्या एक तरुण डॉक्टरीणबाई, माझ्या मुलीच्या ओळखीच्या. मुलगीही त्यांच्याबरोबर आली होती आणि मिरवत होती, "माझ्या आईची आता पाहा, वाचता येते ती."

मी माझ्या रांगोळीपाशी उभी राहिले. जाऊबाई हळूच बाजूला सरकली, पदर तोंडावर धरला आणि कानाशी म्हणाली, "तुझा एक कोपरा राह्यलता वं."

"काय?"

"तीन कोपऱ्यात चौकट, चौथा तसाच. म्या म्हटलं, हिले चक्कर आली असंल, नाई त इसरली. अपुरी रांगोळी ठेवून कोणी जाते काय, सणाचं? मी भरली."

मी खाली बघितलं. चौथ्या कोपऱ्यात चौथी चौकट होती. बाहेर काळी, मग पांढरी, आत काळा चौकोन. माझ्या तीन चौकटींसारखीच, फक्त एक बाजू थोडी झुकलेली.

"छापा कुठून आणला?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"असा छापा असते काय? हातानं केली. चिमटीनं." तिनं बोटं दाखवली, काळी झाली होती. "गुडघे बसू देत नव्हते, त मी पोत्यावर आडवी होऊन केली. तीस-बत्तीस वर्षानं हातानं केली मी. कोणाले सांगू नको, नियमात नाई बसत." मग म्हणाली, "मागच्या साली पहिला तुले भेटाले पाहिजे होता. मले कसंतरीच वाटलं. म्हणून माइकवर कायबी बोलून गेली."

मला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की पटांगण दुभंगलं असतं तर मी विचारपूस न करता आत गेले असते. ही बाई पोत्यावर आडवी होऊन माझ्यासाठी काळी घरं भरत होती, आणि त्याच घरांत मी तिला शिवी भरून ठेवली होती.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई पोचल्या आणि त्यांनी मोबाईल काढला.

आता माझी तंतरली. पोरगी म्हणाली होती, थोडं चुकलं तरी मोबाईल ओळखून घेतो. ही चौथी चौकट थोड्यात बसते की जास्तीत, मला काय माहीत. डॉक्टरीणबाईंनी मोबाईल धरला, पुढे नेला, मागे नेला. काही नाही. मी मनातल्या मनात आमच्या कुलदेवीला नारळ बोलले.

"सावली पडते," कुणीतरी म्हणालं. सगळ्या बाया मागे सरकल्या. काही नाही. दुसरा नारळ.

"मोबाईल जुना असंल, माझा धरा." मग एकीचा, दुसरीचा, तिसरीचा. बघता बघता दहा-बारा बाया माझ्या रांगोळीभोवती हात वर करून उभ्या. मुलगी खुर्चीवर चढली. मग मंडपवाल्याची शिडी आली. शिडीवर डॉक्टरीणबाई, खाली शिडी धरून जाऊबाई. "पडसान वो डॉक्टर, हळू. माह्या जावेची रांगोळी आहे, वाचल्याबिगर नका उतरू." मी पाच नारळांवर पोचले होते.

आणि मग माझी हुशार मुलगी शिडीवर गेली, वरून खाली बघितलं आणि म्हणाली, "आई, तू चौथी चौकट काऊन काढली? चौथी नसते न. म्हणून वाचून नाई राह्यलं." तिनं खाली येऊन बाह्या वर केल्या. "कागद दे. दोन मिनिटात दुरुस्त करतो."

कागद माझ्या पोलक्यात होता. जाऊबाईचा चेहरा उतरला. आपणच घोळ घातला हे तिला समजलं होतं. मुलगी हात पुढे करून उभी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हो, करा की, मी थांबते." माइकवाला माइक घेऊन जवळ आला.

मी रांगोळीवर बसले.

नुसती टेकले नाही. धपकन बसले, मध्यभागी, आणि बसल्यावर थोडी सरकलेही, म्हणजे कुठला कोपरा शाबूत राहायला नको. माझं वजन देवाच्या दयेनं बरं आहे. मग डोळे मिटून म्हटलं, "चक्कर आली."

गोंधळ उडाला. पाणी आलं, कांदा आला, कुणीतरी चप्पल नाकाला लावली. डॉक्टरीणबाईंनी माझं मनगट धरलं, घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, "नाडी चांगली आहे. जरा जोरात आहे, एवढंच." जाऊबाई सगळ्यांवर ओरडत होती, "सरका, हवा येऊ द्या, म्या आधीच वळखलतं हिले चक्कर येते म्हणून." तिनं माझं डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि काळ्या बोटांनी माझ्या कपाळावर पाणी लावलं. मला उत्तेजनार्थ एक स्टीलचा डबा मिळाला. तो घ्यायला गेले तेव्हा काळ्या साडीवर मागून पांढरी घरं उमटलेली होती, असं मुलगी म्हणते.

घरी येताना आम्ही तिघी चालत होतो. जाऊबाई म्हणाली, "माह्यामुळं गेलं वं तुझं. काय लिहिलतं त्याच्यात?"

मुलगीच म्हणाली, "तिळगूळ घ्या, गोड बोला."

तिथं गप्प बसायचं. कुणाला काही कळलं नव्हतं, कळणारही नव्हतं. पण माझ्या पोटात ते मावेना. मी म्हटलं, "नाई. मी नंतर बदललं होतं. तुमचं नाव होतं, बाई."

मुलगी थांबली. जाऊबाईही थांबली, रस्त्याच्या मधोमध.

"माह्यं नाव? काऊन?"

"असंच."

घराच्या फाटकापाशी आल्यावर जाऊबाई म्हणाली, "मंग तो कागद मले दे. मी फ्रेम करतो."

मी म्हटलं कागद हरवला. आत जाऊन आधी गॅस पेटवला आणि पोलक्यातला कागद जाळला. बोट भाजलं, ते योग्यच झालं. पण जाऊबाई ऐकते होय? दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात, "सापडला काय?" तिसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकांसमोर, "हिनं रांगोळीत माह्यं नाव लिहिलं होतं, त्या चौकोनात. लेकीचं नाई, नवऱ्याचं नाई, माह्यं." भाजी घेताना भाजीवालीला, दळण टाकताना चक्कीवाल्याला. लोक माझ्याकडे बघून कौतुकानं हसायचे आणि मला मान डोलवावी लागायची. मला तिनं रागानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

शेवटी नवा कागद बनवायला बसले. मुलीला सांगितलं नाही. वीसच अक्षरं पाहिजेत, एकवीस घरांत बसायला पाहिजे, कारण जाऊबाईनं पोत्यावर आडवं होऊन ती घरं जवळून बघितली आहेत, वाढली तर ओळखेल. 'छापेवाली' एका दमात आलं होतं. चांगला शब्द यायला चार दिवस लागले. 'मोठी जाऊ फार चांगली' लिहिलं, खोटं वाटलं. 'मोठी जाऊ देवमाणूस' लिहिलं, तीही हसली असती आणि देवही. चौथ्या दिवशी गिऱ्हाईक नसताना एक ओळ आली. मोजली. एकोणीस. एका 'ए'चे दोन केले, वीस भरली. झेरॉक्सवाल्यानं पुन्हा विचारलं, "तिळगूळ काय काकू?" मी म्हटलं, "आपलं काम कर."

संध्याकाळी जाऊबाईच्या घरी गेले. ती पलंगावर गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. मी कागद पुढे केला, "सापडला." तिनं हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि कागद दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघितला.

"वाच," ती म्हणाली.

"बाई, मोबाईल घरी राह्यला. आणतो."

"तुले मोबाईल काऊन लागते? लिहिलं त तूच न? तोंडानं वाच."

एकतीस वर्षांत मी त्या बाईला तोंडावर ना वाईट बोलले होते ना चांगलं. मी कागदाकडेच बघत राहिले, तिच्याकडे बघवेना.

"मोठी जाऊ," मी म्हटलं आणि थांबले. मग म्हटलं, "माझी ताई."

ती नुसती त्या काळ्या-पांढऱ्या घरांवरून बोट फिरवत राहिली, वरून खाली, डावीकडून उजवीकडे.

"याच्यातलं ताई कोणतं वं?"

मला काय ठाऊक. मी अंदाजानं मधल्या पाच-सहा घरांवर बोट ठेवलं. "हे."

तिनं माझं बोट बाजूला केलं, त्या जागी स्वतःचं ठेवलं, आणि चष्म्याखालून डोळे पुसत म्हणाली, "आता पुन्हा वाच."